बाजार उठायच्या आत

बबिता,

पिंगळीला जायचं राहिलंच आहे. ताडकळसहून बस आहे, तुझ्याकडे स्कूटी आहे, रस्ताही बरा आहे. सबब म्हणून सांगावं असं काही उरलेलं नाही. हे सगळं तू माझा फोन दुरुस्त करता करता सांगितलंस आणि सांगताना एकदाही मान वर केली नाहीस. लिहिताना नाव बदलू का, असं विचारलं तर 'नका बदलू' म्हणालीस. ठीक. पण एवढं लक्षात ठेव, कागदावर उतरलं म्हणजे सांगून झालं असं होत नाही. जिला सांगायचं तिला वाचता येत नाही. तिला दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवावं म्हणून तू वाट बघत बसशील, तर ते तुझ्या आजवरच्या वागण्याला धरूनच होईल. तुला सगळं माहीतच आहे. वाचणाऱ्यांना नाही. म्हणून इथून पुढे तू 'ती'.

बबिता मूळची सोनपेठची. तिचे वडील सिताराम तिथं बाजाराच्या कडेला एका टपरीत रेडिओ, पंखे, मोटारी दुरुस्त करायचे. त्यांची एक रीत होती. वस्तू उघडली की निघालेला प्रत्येक स्क्रू ते डब्याच्या झाकणात निघाला त्या क्रमानं मांडत, आणि वस्तू परत बंद होईपर्यंत कुणाशीही बोलत नसत. गिऱ्हाईक काही का विचारेना, उत्तर नाही. लोक त्यांना घुम्या म्हणत. बबिता शाळेतून आली की त्या टपरीत बसायची आणि झाकणातल्या स्क्रूंची रांग बघायची. बापाचा हात तिच्या हातात आला. बापाचं गप्प बसणं मात्र आलं नाही. तिला बोलायला आवडतं, आणि त्याहून जास्त, कुणी वाहवा केलेली आवडते. यात वाईट काही नाही. पण पुढचं सगळं त्यातूनच झालं, म्हणून सांगायला हवं.

लग्न होऊन ती ताडकळसला आली. नवरा सिद्धोधन पूर्णेला एका पतसंस्थेत कारकून. परभणीत बायकांसाठी मोफत प्रशिक्षण निघालं तेव्हा गावातल्या बाकीच्या शिवणकामाला गेल्या आणि ही मोबाईल दुरुस्तीला. वर्गात ती एकटी बाई. सासूनं चार दिवस तोंड फिरवलं आणि पाचव्या दिवशी स्वतःचाच फोन आणून पुढ्यात टाकला, 'आवाज येत न्हाई ह्याच्यात, बघ जरा.' मग बाजाराच्या रस्त्याला बांगड्यांच्या दुकानाशेजारी एक गाळा मिळाला. तिनं शटरवर स्वतः रंगवून घेतलं: 'बाजार उठायच्या आत मोबाईल चालू.'

ती ओळ गावाला फार आवडली. आठवडी बाजाराला आजूबाजूच्या वाड्यांवरून माणसं येतात आणि संध्याकाळच्या बसनं परत जातात. सकाळी बिघडलेला फोन देऊन भाजी, बी-बियाणं, चपला असं सगळं उरकून परत येताना तो चालू मिळावा, एवढीच त्यांची अपेक्षा. फोन ठेवून जा म्हटलं की ते काउंटरसमोरून हलत नाहीत. कुणाचा लेक पुण्याहून फोन करणार असतो, कुणाचं रेशनचं धान्य फोनवर येणाऱ्या आकड्यावर अडलेलं असतं. म्हणून बबिता बाजाराच्या दिवशी जेवतही नसे.

सगळ्यात जास्त येत ते लोगोवर अडकलेले फोन. चालू करावं तर कंपनीचं नाव उमटतं, तिथंच थरथरत राहतं, आणि पुन्हा काळोख. आतलं सॉफ्टवेअर अर्धवट झालेलं असतं. त्यावर उपाय एकच, कंपनीनं मुळात घातलेलं सॉफ्टवेअर लॅपटॉपवरून केबलनं पुन्हा भरायचं. त्याला फ्लॅश मारणं म्हणतात. ऐकायला सोपं. पण इथल्या फोनांची पाठ बदललेली असते. एकाच्या अंगावर दुसऱ्याचं कव्हर. पाठीवरचं नाव बघून भलत्याच मॉडेलचं भरलं तर फोन कायमचा गेला. म्हणून बबिता आधी सिमच्या खाचेतलं नाव बघे, मग आतल्या बोर्डावरचं. बॅटरी निम्म्याच्या वर असल्याशिवाय केबल लावत नसे. लॅपटॉप इनव्हर्टरवर, कारण लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि भरता भरता लाईट गेली तर सगळं संपलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, भरायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत फक्त सॉफ्टवेअर बदलतं, माणसाचे फोटो, आवाज, नंबर जागच्या जागी राहतात. दुसरीत आधी सगळं पुसून निघतं, मग कोऱ्या जागेवर भरलं जातं. दुसरी हमखास चालते. पहिली कधी कधी चालत नाही; मग त्या फोनमध्ये जे होतं नेमकं तेच जुनं सॉफ्टवेअर शोधून उतरवून घ्यावं लागतं, आणि ताडकळसच्या नेटवर्कवर त्याला अख्खी रात्र लागते. म्हणून बबिताचा नियम असा की ज्या फोनमध्ये माणसाचं काही आहे तो रात्रभर ठेवून घ्यायचा. शटरवर काहीही लिहिलेलं असो.

हा नियम तिनं एकदाच मोडला. कमलबाईच्या फोनला.

कमलबाई जवळच्या एका वाडीवर राहते. दिवसा खुरपणीला जाते, आणि लग्नसराईत तिला हळदीच्या गाण्याला बोलावणं असतं. बोलताना आवाज घोगरा, फाटका. जात्याला हात लावला की तोच आवाज असा सरळ निघतो की मांडवातले पुरुषही पत्ते खाली ठेवतात. घरोघरची ओवी वेगळी असते. मामाची, आत्याची, धाकट्या दिराची. वय होत गेलं तशी कमलबाईला ती विसरायला लागली. मग तिच्या नातीनं, निकितानं, तिला फोनमध्ये आवाज धरायला शिकवलं. एवढंच. बाकी त्या फोनचा उपयोग तिला फोन घेण्यापुरता. कमलबाई गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसू लागली. म्हाताऱ्या मशीन बघून लाजत, म्हणून ही फोन पदराखाली धरायची आणि 'बंद हाय गं तो' म्हणून ठोकून द्यायची. त्या आवाजांत जात्याची घरघर होती, शेळी ओरडत होती, 'चहा ठेव गं' असं मधेच कुणी म्हणत होतं. सोनपेठकडच्या गीताबाईचा आवाज होता. ती पुढच्याच वर्षी गेली. आणखीही दोघी-तिघी गेल्या. त्यांच्या ओव्या आता त्या फोनमध्ये होत्या आणि दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

हे बबिताला माहीत होतं. कमलबाईनं फोन काउंटरवर ठेवतानाच ते सांगितलं होतं.

'बबे, भाच्यानं काहीतरी अपडेट लावलं अन् मधीच चार्जिंग संपलं. तवापासून नावच दाखवायलाय नुसतं. पन आत बायांचे आवाज हायेत माय. ते जाऊ देऊ नको.'

'न्हाई जाऊ देत, मावशी.'

त्या दिवशी बाजार गच्च होता. बबितानं मॉडेल तपासलं, बॅटरी तपासली, पहिल्या तऱ्हेनं सॉफ्टवेअर भरलं. पट्टी भरत गेली, पूर्ण झाली, फोन चालू झाला, कंपनीचं नाव आलं, आणि तिथंच थांबला. तिनं पुन्हा भरलं. पुन्हा तेच. आता नेमकं जुनं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला हवं होतं. म्हणजे उद्या.

काउंटरसमोर पाच-सहा माणसं उभी होती. त्यांत दत्तराव. मोठी शेती, मोठा आवाज, आणि काम काय, तर फोनला काच लावायची.

'काय बबिताबाई, अजून नावच? त्या शटरवर काय लिव्हलंय ते वाचून दावू का?'

'बसा काका. होतंय.'

'मी बसतोच. हिची बस जायलीय तिकडं. आवो, जमत नसंल तर न्हाई म्हना. परभनीला गडीमानसं बसलेली हायेत ह्या कामाला.'

कुणीतरी हसलं. कमलबाई मागून पुढं आली.

'गप बसा हो, दत्तराव. तुमच्या मोटारीचा फ्यूज घालायला मानूस बोलवावं लागतं, म्हाईत हाय समद्या शिवाराला. माझ्या बबिताला जमतंय. आत्ता दाविते बघा ती.'

मग सगळेच हसले, या वेळी दत्तरावांना. आणि सगळे बबिताकडे बघायला लागले.

'मावशी, उद्या न्या' हे तीन शब्द तिच्या जिभेवर होते. ती सांगते की होते, आणि त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण तिनं लॅपटॉपवर दुसरी तऱ्हा निवडली. यंत्रानं विचारलं, 'फोनमधला सगळा मजकूर पुसला जाईल. पुढे जायचं?' समोर उभ्या असलेल्या एकाही माणसानं तिला हे विचारलं नव्हतं. यंत्रानं विचारलं. तिनं 'हो' दाबलं.

सिताराम असते तर एक शब्दही बोलले नसते. दत्तरावांना उन्हात उभं ठेवलं असतं आणि झाकणातले स्क्रू बघत बसले असते. हे तिला त्याच क्षणी आठवलं, पण पट्टी भरायला लागली होती, आणि भरत असलेला फोन मधे काढता येत नाही.

फोन वाजत-गाजत चालू झाला. स्वागताचं संगीत, रंगीत पडदा, सगळं नवं कोरं. दत्तराव मनापासून म्हणाले, 'मानलं बाई तुला.' कमलबाईनं त्यांच्याकडे असं बघितलं जसं काही फोन तिनंच दुरुस्त केला. मग हळूच विचारलं,

'आवाज हायेत न्हवं?'

'घरी जाऊन बघा निवांत. आधी बस गाठा.'

कमलबाई पळाली. बबितानं दत्तरावांच्या फोनला काच लावली. काचेखाली हवेचे बुडबुडे राहिले, तिच्या हातून कधी राहत नाहीत. दत्तरावांच्या ते लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दुकान उघडायला आली तर कमलबाई पायरीवर बसलेली. पहिल्या बसनं आली होती. तिनं फोन दोन्ही हातांत धरला होता.

'रिकामं हाय गं, बबे.'

बबितानं शटरचं कुलूप हातात धरलं. रात्रभर तिनं जे बोलायचं ठरवलं होतं ते हे होतं: मावशी, माझ्या हातून गेलं. तुम्ही विश्वासानं दिलं होतं आणि मी घाई केली. हे तिनं सिद्धोधनला बोलूनही दाखवलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, 'सांगून ते आवाज परत येनार हायेत का? दुकान तेवढं बसंल.' ती त्याच्यावर संतापली होती. आपण मनात जे आधीच म्हणून ठेवलं होतं ते त्यानं तोंडानं म्हटलं, राग त्याचाच होता.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात कमलबाईच बोलली.

'बसमंदी लय रेटारेटी होती माय. फोन पिशवीत, वर शेंगांचं गठुडं. माझं बोट बी लागलं असंल काढताना. त्याच्यानं दबलं असंल का काही?'

एखाद्या माणसानं आपल्यासाठी खोटं इतकं नीट घडी घालून आणून द्यावं, आणि आपण ते घेऊ नये, एवढा धीर त्या सकाळी तिच्याकडे नव्हता.

'दबलं असंल,' ती म्हणाली.

कमलबाईनं कपाळाला हात लावला. 'बघ! मला वाटलंच. माझी बोटंच आडानी.' आणि ज्या आवाजात लेकराची समजूत काढावी त्या आवाजात ती बबितालाच म्हणाली, 'तू काय मनाला लावून घेऊ नको. तू तर जिता करून दिला होतास.'

फोन ठेवून घेऊन बबितानं जमतील ते सगळे उपाय केले. परभणीला जिथं ती शिकली तिथल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, आताच्या फोनमध्ये माणसाचं सगळं कुलपात असतं आणि पुसताना कुलपाची किल्लीही जाते. कप्पा सापडला तरी उघडायचा कशानं? तिनं तरी तीन-चार प्रकारची सॉफ्टवेअरं लावून बघितली. एकदा यादीत काही नावं दिसली. उघडून बघते तर फोनच्या घंटीचे आवाज. कंपनीनं मुळात दिलेले.

त्यानंतर कमलबाईनं फोनला हात लावणं सोडलं. रुमालात गुंडाळून ती तो कमरेला खोचते, आणि वाजला की शेजारी जो असेल त्याच्या हातात देते, 'तूच उचल रे बाबा, माझ्या हातानं काही तरी जाईल.' पोरं हसतात. वाडीवर आता तो विनोदच झाला आहे. निकिता एकदा वैतागून म्हणाली, 'आज्जे, हिरवं बटन असतंय गं नुसतं!' कमलबाई म्हणाली, 'हिरवं असू दे न्हाईतर लाल. बोट माझंच हाय ना?'

बबितानं हे बघितलं आणि ती घरी येऊन जेवली.

मग लग्नसराई आली. ताडकळसमध्येच सिद्धोधनच्या मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. हळद दळायला कमलबाईला बोलावलेलं. बबिता मांडवात बायकांत बसलेली. कमलबाईनं जात्याला हात लावला आणि आवाज सरळ निघाला, नेहमीसारखा. नवरीच्या आईची ओवी झाली, आत्याची झाली. मग मामाची.

*मामा निघाला माघारी, हळदीचा हात त्याला लागू द्या गं…*

पुढची ओळ आली नाही. जातं फिरत होतं. कमलबाईनं तीच ओळ पुन्हा म्हटली, मोठ्यानं, जणू दुसरी ओळ आत कुठे झोपलेली आहे आणि हाकेला उठेल. उठली नाही. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज बोलण्यातल्या आवाजासारखा फाटला. मांडवात उभा असलेला नवरीचा मामा, हातभर फेटा बांधलेला माणूस, उगाच जमिनीकडे बघायला लागला. कुठल्यातरी पोरीनं स्पीकरवर सिनेमाचं गाणं लावलं.

'म्हातारी झालीस की गं, कमळे!' एक बाई ओरडली.

'म्हातारी कशाची?' कमलबाईनं हळदीचे हात झटकले. 'मोबाईलात होतं समदं. माझ्याच बोटानं घालवलं. ती बबिता बसलीय बघा, इचारा तिला. तिनं मेलेला फोन उठवला समद्यांच्या म्होरं, अन् मी येडीनं बसमंदी दाबून घालवला. लेकीची मेहनत गेली अन् बायांचे आवाज बी गेले.'

सगळ्या बायकांनी वळून बबिताकडे बघितलं. कौतुकानं. यजमानीण लगबगीनं आली, 'अगं ताईला वाढा की, ताईच्या ताटात काहीच न्हाई!' तिच्या ताटात दोन बुंदीचे लाडू जास्तीचे पडले. चारचौघींत ताटात टाकणं बरं दिसत नाही. तिनं ते दोन्ही खाल्ले.

तेव्हापासून बबिता बदलली. शटरवरची ती ओळ तिनं पांढऱ्या रंगानं पुसून टाकली; ऊन तिरपं पडलं की अक्षरं अजून खालून दिसतात. आता ती फोन घेतल्यावर दोनदा विचारते, आत काय आहे, कुणाचं आहे. आधी आतलं सगळं काढून ठेवते, मग हात लावते. एका शिक्षकाचा फोन तिनं आठवडाभर ठेवला. त्यानं भांडण काढलं, तरी दिला नाही. आणि गंमत बघा, यानं तिचं नाव झालं. पूर्णेपर्यंत लोक सांगतात, 'बबिताकडं द्या. येळ लावती, पन आतलं केसभर जाऊ देत न्हाई.' असं कुणी तोंडावर म्हटलं की ती मान खाली घालते. लोक म्हणतात, किती साधी बाई आहे.

या सगळ्यानंतर कमलबाई दुकानात आली. बाजाराचाच दिवस, पण सकाळची वेळ, गर्दी नव्हती.

'बबे, पिंगळीची बायनाबाई हाय ना, ठेसनाजवळ लेकीकडं ऱ्हाती? मामाची ओवी म्या तिच्याकडूनच घेतली होती. लय थकली, पन तोंड चालतं तिचं अजून. जाऊन यावं म्हनते.'

'जा की, मावशी. बस हाय.'

'बस हाय गं. पन आवाज कोन धरंल? बटन तू दाबायचं. मी बसते तिच्याजवळ जात्याला, तू पदराखाली धर.'

'मी शिकवते तुमाला. हे बघा, हितं…' बबितानं फोन तिच्याकडे सरकवला.

कमलबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. खरंच घेतले, पोरं पाठीमागे लपवतात तसे. 'न्हाई माय. मी न्हाई हात लावनार. तूच चल.'

बबिता बोलायला लागली. 'मावशी, त्या दिवशी ना…'

'जाऊ दे गं ते. झालं ते झालं. माझीच गलती.'

आणि बबिताला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच तिला आता सगळ्यात जास्त लाज वाटते. खोटं बोलल्याची वाटते त्याहून. खोटं एकदा बोललं, घाबरून. हे हायसं वाटणं मात्र दर वेळी होतं, आणि तिला ते हवंसं वाटतं.

'जाऊ की पुढच्या बाजारी,' ती म्हणाली.

पुढच्या बाजारी सिद्धोधनला ताप होता. त्याच्या पुढच्या बाजारी खरोखरच पाऊस होता. मग पेरणी आली, कमलबाईलाच सवड नव्हती. मग सोयाबीन निघालं. यातली निम्मी कारणं खरी होती. बायनाबाईसमोर बसायचं, कमलबाई जात्याला, आपण पदराखाली फोन धरलेला, आणि बायनाबाई विचारणार, 'अगं, मागं घेतलं होतंस ना हे समदं, त्याचं काय झालं?' मग कमलबाई पुन्हा तीच गोष्ट सांगणार, आपल्या देखत, आपल्या बाजूनं. तिथं तोंड उघडावंच लागलं असतं. बबिताला पिंगळीच्या रस्त्याची भीती नव्हती, त्या एका वाक्याची होती.

शेवटी एकदा ठरलं. कमलबाई धुतलेलं लुगडं नेसून सकाळच्या बसनं आली. हातात पिशवी, बायनाबाईसाठी एक खण आणि शेंगदाण्याचे लाडू. बबितानं स्कूटी दारात लावलेली. सगळी तयारी होती. आणि कमलबाई रस्ता ओलांडताना दिसली तशी बबितानं काउंटरवरचा एक फोन उचलून केबलला लावला.

तो फोन आदल्या दिवशीच दुरुस्त झालेला होता. गिऱ्हाईक यायचं होतं, एवढंच.

'मावशी, जरा बसावं लागंल. हे भरायलंय. मधी काढता येत न्हाई.'

'न्हाई न्हाई, काढू नको बाई,' कमलबाई घाबरून म्हणाली. 'होऊ दे. कुनाचं काही आत असंल.'

ती पायरीवर बसली. बबितानं लॅपटॉपचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला. त्यावर काहीच चाललेलं नव्हतं. थोड्या वेळानं कमलबाईनं विचारलं, 'किती भरलं?' बबिता म्हणाली, 'निम्मं.' बांगडीवालीनं चहा दिला. कमलबाई तिच्याशी बोलत बसली, सुनेचं, पाण्याचं, निकिताच्या कॉलेजचं. मधेच आत डोकावून विचारायची, 'झालं का गं?' आणि बबिता म्हणायची, 'भरायलंय.' ऊन पायरीवरून भिंतीवर चढलं. कमलबाईनं कुरकुर केली नाही. भरत असलेला फोन मधे काढला की काय जातं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

दुपार कलल्यावर ती उठली. गुडघे धरून उठली.

'आता आज काही व्हत न्हाई. मला जनावरं बघायचीत.' तिनं पिशवी काउंटरवर ठेवली. 'हे ठिव तुझ्याकडं. तू कवा गेलीस तिकडं तर दे तिला. अन् म्हनावं, कमळीनं इचारलंय, मामाचं फुडलं काय हाय.'

ती गेल्यावर बबितानं केबल काढली. दुरुस्त फोन, चालू फोन, त्याला काहीच झालेलं नव्हतं.

लाडू तिनं घरात कुणाला दिले नाहीत, स्वतःही खाल्ले नाहीत. मुंग्या लागल्या तेव्हा टाकले. खण काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, सुट्या स्क्रूंच्या डबीशेजारी.

कमलबाई बाजाराला येते. दुकानापुढून जाताना हात करते, कधी मेथीची जुडी टाकून जाते. पिंगळीचं नाव काढत नाही. पहिल्यांदा बबिताला वाटलं, विसरली असेल. मग एका लग्नात बघितलं, आईची ओवी झाली, आत्याची झाली, आणि मामाची यायच्या आधी कमलबाई पाणी प्यायच्या निमित्तानं जात्यावरून उठली. विसरलेली नाही. विचारायचं तेवढं तिनं सोडलं आहे.

बायनाबाई अजून आहे, बबिता. परवाच पिंगळीचं एक माणूस भेटलं, त्याला मुद्दाम विचारलं. ऐकू कमी येतं म्हणे, पण जात्याजवळ बसवलं की म्हणते. आणि खण तुझ्याकडेच आहे.